पदार्थविज्ञानाचा कोश कसा वाचावा

अडलेल्या शब्दाचा अर्थ कोश सांगतो, ही समजूत काव्य वाचतांना पुरते. पदार्थविज्ञानास ती पुरत नाहीं. तेथें पुष्कळ शब्द आपल्या ओळखीचेच असतात. अनोळखी असतो तो शास्त्रानें त्यांस नेमून दिलेला अर्थ. काम, शक्ति, बल, वजन हे शब्द घरांत रोज कानीं पडतात, म्हणूनच विद्यार्थी ते कोशांत पाहावयास जात नाहीं. अवघड शब्द तो शोधून काढतो आणि फसतो मात्र सोप्या शब्दापाशीं.

‘काम’ हाच शब्द घ्या. डोक्यावर पेटी घेऊन फलाटावर अर्धा तास निश्चल उभ्या राहिलेल्या हमालानें त्या पेटीवर शास्त्रदृष्ट्या कांहींच काम केलेलें नसतें. कारण त्यानें बल लाविलें तरी पेटी त्या बलाच्या दिशेनें हलली नाहीं. हमालाच्या मानेस हें पटणार नाहीं, ही गोष्ट निराळी! त्याचे स्नायू थकतात, शरीरांतील ऊर्जाही खर्च होते. परंतु तो हिशेब पेटीच्या खातीं मांडतां येत नाहीं.

व्याख्या वाचून झाली कीं कोश मिटूं नये. त्या राशीचें एकक पाहावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. विजेच्या बिलावरील ‘यूनिट’ म्हणजे किलोवॅट-तास. किलोवॅट हें शक्तीचें एकक, तर किलोवॅट-तास हें ऊर्जेचें. १,००० वॅटची शेगडी सतत एक तास चालली तरी एक यूनिट, आणि १० वॅटचा दिवा १०० तास जळला तरी एकच यूनिट. दोहोंकडे ऊर्जा ३६ लक्ष ज्यूल. शक्ति म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा दर, हें वाक्य दहा वेळां घोकून जें उमगत नाहीं, तें घरच्या बिलावर एकदां गणित केल्यानें उमगतें.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. मराठींत एकाच राशीस दोन-दोन नांवें रूढ आहेत. ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला त्या मराठी विश्वकोशाच्या नोंदींत ‘प्रेरणा’, ‘प्रवेग’, ‘द्रव्यमान’ असे शब्द भेटतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्याच जागीं ‘बल’, ‘त्वरण’, ‘वस्तुमान’ असतात. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत नववींतील मुलीनें ‘त्वरण’ म्हणतांच तिच्या काकांनीं विश्वकोशाचा खंड पुढें केला आणि तिचें पुस्तकच चुकीचें ठरविलें. काका विद्वान, हेतूही चांगला. पण ती मुलगी पुढें घरांत शंका विचारीनाशी झाली. दोन्ही पुस्तकें उघडून एकक पाहिलें असतें तर वाद तेथेंच मिटता. प्रेरणा म्हणा कीं बल म्हणा, दोहोंचें एकक न्यूटन. एक किलोग्रॅम वस्तुमानास दर सेकंदास सेकंदाला एक मीटर इतकें त्वरण देतें तें एक न्यूटन बल. नांवें दोन झालीं म्हणून राशि दोन होत नाहींत. परीक्षेस पुस्तकांतील शब्द लिहावा, समजून घेण्यास मिळेल तो कोश वाचावा, आणि वडील मंडळींनीं निकाल देण्याची घाई करूं नये.

कोश कोणत्या सालचा आहे, हेंही पाहिलें पाहिजे. न्यूटनची वरील व्याख्या किलोग्रॅमवर उभी आहे, आणि किलोग्रॅमचीच व्याख्या बदलली आहे. पॅरिसजवळील सेव्ह्र येथें जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या वृत्तचितीचें वस्तुमान म्हणजे एक किलोग्रॅम, असें १८८९ पासून मानलें जात होतें. २० मे २०१९ पासून ती वृत्तचिति प्रमाण राहिली नाहीं. किलोग्रॅम आतां प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. बाजारांतील साखरेच्या वजनांत त्यामुळें कणाचाही फरक पडला नाहीं, पण त्यापूर्वीं छापलेल्या कोशांतील नोंद मात्र जुनी झाली. तेवढ्यासाठीं जुना कोश रद्दींत घालूं नये. त्या नोंदीच्या कडेला मुलांकडून ही तारीख पेन्सिलीनें लिहवून घ्यावी.