सूक्ष्मदर्शक माळ्यावर का गेला?

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागले, गच्चीगच्चीवर सूर्यनमस्कार सुरू झाले आणि काही घरांत एक निराळाच छंद रुजला, तो सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचा.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मूळचे मेरठचे आणि आय.आय.टी. कानपूरचे पदवीधर असलेले मनु प्रकाश यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसमवेत कागदाच्या घड्यांचा ‘फोल्डस्कोप’ सिद्ध केला. तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. वाळलेले गवत चार दिवस पाण्यात भिजत ठेवावे; त्या पाण्याच्या एका थेंबात सपाता आकाराचे पॅरामेशियम सैरावैरा पोहताना दिसतात. कांद्याच्या पापुद्र्यात विटांसारख्या रचलेल्या पेशी, जास्वंदीचे काटेरी परागकण! ‘यातून कोरोना दिसेल का?’ हा मुलांचा स्वाभाविक प्रश्न. नाही दिसणार. तो विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, तर साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटरची. हे उत्तरही एक धडाच आहे.

सूक्ष्म जीवसृष्टीचा शोध लावणारा लेव्हेनहूक हा हॉलंडमधील कापडाचा व्यापारी. ना विद्यापीठाची पदवी, ना लॅटिनचे ज्ञान. भिंगे त्याने स्वतः घासली आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पाण्यातील जीवांविषयीचे प्रसिद्ध पत्र आपल्या मातृभाषेत, डचमध्ये लिहिले. स्वभाषेतून विज्ञान शक्य नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात अर्जुन सांगतो की, केवळ तर्कानेच जाणता येतील असे अतिसूक्ष्म जीव जगात आहेत. या प्रज्ञेचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणून भिंगाला डोळा न लावणे, हा पूर्वजांचा सन्मान नव्हे. तर्काने जाणलेले डोळ्यांनी पडताळून पाहण्याचे काम कोणत्या तरी पिढीने करायचेच होते. ते दुसऱ्यांनी केले. स्वा. सावरकरांचा विज्ञाननिष्ठेचा आग्रह याहून वेगळा काय होता?

टाळेबंदी उठली, शाळा भरल्या आणि यातील अनेक उपकरणे माळ्यावर गेली. दोष मुलांचा नाही. कित्येक शाळांत सूक्ष्मदर्शक कुलूपबंद कपाटात असतो, परीक्षेपुरता बाहेर येतो आणि आकृती मात्र मार्गदर्शक पुस्तकातून उतरवली जाते. (मुलाने जे दिसले तेच काढले, तर गुण जाण्याची भीती!) पालकांनाही जे गुणपत्रिकेत उमटत नाही, ते वेळेचा अपव्यय वाटते.

अंबाल्यात शाळांसाठीची वैज्ञानिक उपकरणे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आहेत. तेव्हा उपकरणांची वाण नाही. एखाद्या वस्तीत, बालशाखा सुटल्यावर, दहा मुलांत एक सूक्ष्मदर्शक ठेवून आठवड्यातून तासभर बसता येईल. प्रत्येकाने दिनांक, स्थळ आणि दिसलेली आकृती वहीत मराठीत नोंदवावी. पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर वाढणारे हिरवे शेवाळ आरंभाला पुरेसे आहे.