हौतात्म्याचा सन्मान, आज्ञेचा हिशेब

जो समाज आपल्या सैनिकांना विसरतो, त्याचे स्वातंत्र्य फार काळ टिकत नाही, हे आपण व्यासपीठांवरून वारंवार सांगतो. परंतु स्मरण करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार तितक्या गांभीर्याने होतोच असे नाही. या प्रश्नाच्या मुळाशी जायचे असेल, तर दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या आत्मघाती वैमानिकांचा इतिहास अभ्यासावा. जग त्यांना ‘कामिकाझे’ म्हणून ओळखते. कोणी त्यांना माथेफिरू ठरविले, कोणी देवत्व बहाल केले. विमानात बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या तरुणाचा चेहरा या दोन्ही पक्षांना दिसला नाही.

दैवी वाऱ्याची हाक

इ. स. १२७४ आणि १२८१ मध्ये कुब्लाईखानाचे आरमार जपानवर चालून गेले, तेव्हा वादळांनी त्याची वाताहत केली. त्या वादळांना जपानी जनतेने ‘देवाचा वारा’, म्हणजेच कामिकाझे, मानले. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकेचे प्रचंड आरमार फिलिपाईन्समधील लेतेच्या किनाऱ्यावर येऊन ठेपले, त्या वेळी जपानचे बहुतेक अनुभवी वैमानिक कामी आले होते आणि इंधनाचाही तुटवडा होता. अशा हतबल अवस्थेत १९ ऑक्टोबर रोजी माबालाकात येथील तळावर व्हाइस अ‍ॅडमिरल ताकिजिरो ओनिशी यांनी एक योजना मांडली. अडीचशे किलोचा बाँब बांधलेले ‘झीरो’ विमान वैमानिकासह शत्रूच्या नौकेवर आदळवायचे, अशी ती योजना होती. स्वतः ओनिशी या पद्धतीला सेनापतित्वाचा मार्गभ्रंश मानीत असत. तरीही त्यांनी ती स्वीकारली.

पहिल्या तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट युकिओ सेकी या २३ वर्षांच्या नवविवाहित अधिकाऱ्याकडे आले. २५ ऑक्टोबर रोजी त्यांच्या तुकडीने ‘सेंट लो’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बुडविली. त्या यशाने एक अपवाद नियम बनला. पुढच्या दहा महिन्यांत सुमारे चार हजार वैमानिक या मार्गाने गेले. एप्रिल ते जून १९४५ या काळातील ओकिनावाच्या लढाईत तर त्यांच्या लाटांमागून लाटा सोडण्यात आल्या. त्यांनी शत्रूची अपरिमित हानी केली, हजारो नौसैनिक मारले. पण युद्धाचा निकाल काही बदलला नाही.

सेकी यांच्या मातेची कथा या इतिहासाचे सार सांगते. युद्ध चालू असता ती ‘युद्धदेवाची माता’ म्हणून गौरविली गेली. पराभवानंतर त्याच समाजाने तिच्याकडे पाठ फिरविली. एकुलता एक पुत्र गमावलेली ती स्त्री एका शाळेत शिपायाचे काम करीत १९५३ मध्ये निवर्तली. जयघोष करणारे कंठ किती लवकर कोरडे पडतात, याचे याहून विदारक उदाहरण कोणते असेल?

स्वेच्छा की सक्ती?

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी ‘कामिकाझे’ हा शब्द दहशतवाद्यांसाठी सर्रास वापरला. ही तुलना सर्वस्वी अन्याय्य आहे. जपानी वैमानिक गणवेशातील सैनिक होते, युद्ध घोषित होते आणि त्यांचे लक्ष्य युद्धनौका हे होते. कार्यालयात बसलेल्या निःशस्त्र नागरिकांवर विमान घालणाऱ्याशी त्यांचे नाते जोडणे हा सैनिकी धर्माचाच अवमान आहे.

मात्र हे मान्य केल्यावर दुसरे सत्य नाकारता येत नाही. हे सारे स्वेच्छेने गेले, असे सांगितले जाते. ती स्वेच्छा कशी घेतली जाई, हे पाहिले पाहिजे. अनेक तळांवर तरुणांपुढे एक कागद ठेवला जाई. ‘उत्कट इच्छा’, ‘इच्छा’ आणि ‘अनिच्छा’ यांपैकी एक निवडायचे. सहकाऱ्यांसमोर, वरिष्ठांच्या नजरेखाली ‘अनिच्छा’ लिहिण्याचे धैर्य किती जणांना होणार? यांतील अनेक जण विद्यार्थी होते. १९४३च्या शरद ऋतूत कला, विधी अशा शाखांच्या विद्यार्थ्यांची सवलत काढून घेण्यात आली आणि टोकियोच्या मैदानात भर पावसात त्यांना निरोप देण्यात आला. त्यांच्यापैकीच केइओ विद्यापीठाचा र्‍योजी उएहारा ११ मे १९४५ रोजी चिरानच्या तळावरून निघाला आणि परतला नाही. एकाधिकारशाही राष्ट्रे अखेर पराभूत होतात, असे त्याने जाण्यापूर्वी निर्भयपणे लिहून ठेवले होते. ज्या राजवटीवर त्याचा विश्वास उरला नव्हता, तिच्या आज्ञेने तो देशासाठी मेला. त्याला माथेफिरू म्हणणे जितके खोटे, तितकेच त्याला त्या राजवटीचा प्रचारक बनविणेही खोटे.

नकार देणारेही होते, आणि ते भ्याड नव्हते. नौदलाचे तादाशी मिनोबे यांनी वरिष्ठांच्या बैठकीत या पद्धतीला विरोध केला आणि आपल्या तुकडीला रात्रीच्या पारंपरिक हल्ल्यांसाठी तयार करून शेवटपर्यंत लढविले. भूदलाच्या हवाई शाखेतील तोमोजी सासाकी यांना नऊ वेळा मरणाच्या मोहिमेवर धाडले गेले आणि नऊही वेळा ते जिवंत परतले. युद्ध संपल्यावरही ते दीर्घकाळ जगले. इंजिन बिघडल्याने परतलेल्या अनेकांना मात्र फुकुओका येथील एका वसतिगृहात कोंडून ‘अजून जिवंत कसे?’ म्हणून अपमानित केले गेले. शत्रूऐवजी आपल्याच सैनिकाचे जिवंत असणे ज्या व्यवस्थेला खुपू लागते, ती व्यवस्था राष्ट्ररक्षणाचा मूळ हेतू विसरलेली असते.

हे वाचताना मराठी मनाला पावनखिंड आठवेल. परंतु बाजीप्रभूंनी १६६० मध्ये खिंड लढविली ती राजा विशाळगडी सुखरूप पोहोचावा म्हणून, आणि स्वतः राजांचा जीव त्या मावळ्यांत अडकला होता. मृत्यू पत्करणे आणि मृत्यूलाच साधन बनविणे, यांत महदंतर आहे.

चिरानची माता

मग स्मरण कसे करावे? याचे उत्तर दक्षिण जपानमधील चिरान या छोट्या गावी एका खानावळवाल्या स्त्रीने दिले. तोमे तोरिहामा हे तिचे नाव. तळावरील तरुण शेवटचे जेवण जेवायला तिच्याकडे येत. त्यांची पत्रे लष्करी तपासणीतून सुटावीत म्हणून ती स्वतः टपालात टाकी, घरच्यांना त्यांची खबर कळवी. जपानच्या ताब्यातील कोरियाचे तरुणही त्यांत होते. तिने त्यांच्यात कधी भेद केला नाही. पराभवानंतर त्या वैमानिकांचे नाव घेणेही लोकांना नकोसे झाले, तेव्हा ती उजाड धावपट्टीवर जाऊन त्यांची पूजा करी. तिच्या पाठपुराव्याने १९५५ मध्ये तेथे कान्नोनचे मंदिर उभे राहिले. कान्नोन म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेला करुणामूर्ती अवलोकितेश्वर. विजयाच्या देवतेऐवजी करुणेची देवता तेथे उभी आहे, हे फार अर्थपूर्ण आहे. शेजारच्या संग्रहालयात ओकिनावाच्या मोहिमेत गेलेल्या भूदलाच्या १,०३६ तरुणांची छायाचित्रे आणि त्यांची अखेरची पत्रे जपली आहेत. तोमे १९९२ मध्ये वारल्या. तोवर त्या मुलांच्या आठवणी त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या.

आज्ञा देणाऱ्यांचे काय झाले? १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राटांचे शरणागतीचे भाषण झाल्यावरही अ‍ॅडमिरल मातोमे उगाकी आपल्यासोबत तरुण वैमानिकांना घेऊन अखेरच्या उड्डाणाला गेले. त्या मुलांना नेण्याचे काहीही कारण उरले नव्हते. ओनिशी यांनी दुसऱ्या दिवशी पोट चिरून घेतले आणि मागे ठेवलेल्या पत्रात मृत वैमानिकांची व त्यांच्या कुटुंबियांची क्षमा मागितली. त्यांनी प्रायश्चित्त घेतले. पण ही योजना मान्य करणाऱ्या इतर अनेकांनी ‘ते स्वेच्छेने गेले’ या एका वाक्यात आपली जबाबदारी झटकली. हुतात्म्यांची स्तुती आज्ञा देणाऱ्यांची ढाल बनते ती अशी.

आपल्यासाठी बोध

हा दोष केवळ जपानचा नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह आणि त्यांचे कुमाऊँ रेजिमेंटचे जवान अपुऱ्या साधनांनिशी अखेरपर्यंत लढले. वाचलेल्या मोजक्या जवानांची हकिकत प्रथम कोणी खरी मानली नाही. १९६३ मध्ये बर्फात गोठलेले देह शस्त्रांसह सापडले, तेव्हा देशाला सत्य कळले. आपण त्यांना वंदन केले. पण त्या युद्धात आपली सेना अशा स्थितीत का ढकलली गेली, याची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल अनेक दशके कुलपात ठेवला गेला. वंदन उघड आणि हिशेब गुप्त, ही सैनिकाची अर्धी पूजा होय.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे लोकार्पण झाले. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे तेथे दगडात कोरली गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दगडातील नाव समाजाच्या ओठांवर यायला हवे. प्रत्येक शाखेने, शाळेने, गणेशमंडळाने आपल्या तालुक्यातील हुतात्म्यांची नावे, त्यांची पत्रे, त्यांच्या घरच्यांच्या आठवणी एकत्र कराव्यात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी निधी देऊन न थांबता त्या वीरमातेच्या, वीरपत्नीच्या दारी वर्षभर जावे. जो जखमी होऊन परतला, त्याच्या जगण्यालाही हौतात्म्याइतकाच मान द्यावा. आणि ‘बलिदान’ हा शब्द उच्चारताना, हे बलिदान टाळता आले असते का, हा प्रश्न विचारण्याचे धैर्यही ठेवावे.

तो प्रश्न विचारणे म्हणजे सैनिकाचा अवमान नव्हे. ज्याने प्रश्न न विचारता आज्ञा पाळली, त्याच्या वतीने तो विचारणे हे मागे राहिलेल्यांचे कर्तव्यच आहे.