पिवळा म्हणजे पिकलेला नव्हे

अक्षय तृतीयेला अजून दोन आठवडे आहेत, पण फळबाजारात घाई आतापासूनच सुरू झाली आहे. त्या दिवशी ताटात आमरस हवा, म्हणजे आंबा त्याआधी पिवळा दिसायला हवा. झाडावरचा आंबा मात्र पंचांग पाहून तयार होत नाही. पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली कार्बाइडची पुडी येते ती या घाईतूनच.

कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो, वेल्डिंगला वापरतात तोच. त्याने साल पिवळी होते. गर अनेकदा आंबट, कच्चाच राहतो. शिवाय कारखान्यांसाठी बनवलेल्या या रसायनात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. खरा धोका तो. घशाची जळजळ, उलट्या असा त्रास खाणाऱ्याला होऊ शकतोच. पण रोज या पुड्या हाताळणाऱ्या हमालांचे काय, हे कुणी विचारत नाही. फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे.

म्हणून गॅसवर पिकवलेला प्रत्येक आंबा विषारी ठरवणेही चूकच. पिकताना आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो. बंद खोलीत हाच वायू दहा लाखांत १०० भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. आजीच्या अढीत तरी वेगळे काय होत होते? गवतात ऊब आणि फळांचाच वायू कोंडून राहायचा.

दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक संदेश फिरतो: पाण्यात तरंगला तो कार्बाइडचा आंबा. यात तथ्य नाही. कोवळा आंबा तरंगतो, तयार झालेला बुडतो, एवढेच त्यातून कळते. कार्बाइड घरी खात्रीने ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. संशय घ्यायला मात्र जागा असते. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक, देठाशी नाक नेले तरी वास नाही, अशी असेल तर ती घेऊ नये. हापूस कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत भाग निघाला तर तो बहुधा साका. तो कार्बाइडचा परिणाम नव्हे, फळातला दोष आहे. तेवढा भाग काढून टाकावा.

आंबा वाहत्या पाण्यात चोळून धुवावा. चोखून खायचा असेल तर देठाचा चीक आधी पिळून टाकावा, नाहीतर ओठांना पुरळ उठते.

आणि सर्वांत सोपे म्हणजे रंगाने हिरवा, पण देठाजवळचे खांदे भरलेला तयार आंबा आताच आणावा. पेंढ्यात आठ-दहा दिवस ठेवला, अधूनमधून वरखाली केला की तृतीयेपर्यंत घरभर वास सुटतो.