ट्रॅफिक कोण करतं?

६ डिसेंबर जवळ आला की मुंबईतल्या एका वर्गाला हटकून ट्रॅफिकची आठवण येते. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरू लागतात. दादरला जाऊ नका, गर्दी आहे. हे लोक शहर वेठीला धरतात. फुकट गाडीने येतात. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस मुंबईचे रस्ते जणू मोकळेच असतात!

आम्ही साधा प्रश्न विचारतो. चैत्यभूमीवर येणारा माणूस रस्त्याची किती जागा घेतो? तो रेल्वेने येतो, एसटीने येतो, वस्तीने वर्गणी काढून केलेल्या गाडीने येतो. दादरला उतरून शिवाजी पार्कापर्यंत पायी चालतो. त्याला लागते दोन पावलांची जागा. आणि तो मेसेज पाठवणारा? तो पाच जणांच्या कारमध्ये एकटा बसून सिग्नलला हॉर्न वाजवत असतो. एका बसच्या जागेत दोन-तीन कार मावतात. बसमध्ये पन्नास माणसं असतात, त्या कारमध्ये मिळून चार. मग सांगा, ट्रॅफिक कोण करतं?

प्रवास हा आपल्यासाठी कधीच नुसता प्रवास नव्हता. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमाला जात कळताच एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यावं लागलं आणि गाडी मुलांनाच हाकावी लागली. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बॅरिस्टर आंबेडकरांना घेऊन जायला नकार दिला. आपल्याच माणसाने, सवय नसताना, टांगा हाकला. अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय जायबंदी झाला. बॅरिस्टर झालेल्या माणसालासुद्धा टांगा मिळत नव्हता, हे विसरू नका.

आज तिकीट काढताना कुणी जात विचारत नाही. आज पैसे कुणासाठी खर्च होतात आणि कुणाकडून वसूल होतात, एवढं बघितलं की पुरे.

मुंबई महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून मरीन ड्राइव्ह ते वरळी कोस्टल रोड बांधला. तो २०२४ मध्ये सुरू झाला. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. टोल नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारचा टोल माफ केला. आणि मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. कारवाल्याला माफी दिली आणि सातच महिन्यांत बसवाल्याचं भाडं दुप्पट केलं! याला कोणी 'रेवडी' म्हटलं का? अग्रलेख लिहिला का?

लगेच उत्तर येतं, बेस्ट तोट्यात आहे. बरं. मग कोस्टल रोडवर टोल नाही, तो किती नफा कमावतो? रस्त्यावर टाकलेला पैसा 'विकास' आणि बसवर टाकलेला पैसा 'तोटा', हे अर्थशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवतात? सार्वजनिक सेवेचं मोल गल्ल्यावर ठरत नाही. ते ठरतं, तिच्यामुळे किती माणसं कामावर, कॉलेजात, दवाखान्यात पोचली यावर.

आता वेळेचा हिशेब करू. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचा कायदा आणला. १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते तास कामगाराला मिळाले ते कशासाठी? वाचण्यासाठी, मुलांसाठी, संघटनेसाठी. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि परळ-नायगाव-वरळीतली आपली कितीतरी कुटुंबं बदलापूर, दिवा, नालासोपाऱ्याला फेकली गेली. नोकऱ्या मात्र तिथे गेल्या नाहीत. आज आपला पोरगा जायला दोन तास आणि यायला दोन तास घालवतो. सहा दिवसांचे २४ तास झाले. ४८ तासांच्या आठवड्यात पुन्हा निम्मा आठवडा मिसळला, तोही बिनपगारी. मग आपणच म्हणतो, पोरं वाचत नाहीत, बैठकीला येत नाहीत. कधी येणार?

आणि हे तास तरी कसे जातात? लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत नाव आहे 'सुपर डेन्स क्रश लोड'. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण चेंगरून मेले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून पडले, काहींचा जीव गेला. वर त्यांनाच शिकवण दिली जाते की दारात उभे राहू नका. आत जागा असती तर दारात कोण उभं राहिलं असतं?

बेस्टचा प्रश्न नोकरीचाही आहे. एकेकाळी चार हजारांहून जास्त बस असलेल्या बेस्टकडे २०२५ मध्ये भाड्याच्या धरूनही तीन हजार उरल्या नव्हत्या. आणि आता बहुतेक बस कंत्राटदारांच्या आहेत. बेस्टच्या कायम नोकरीत आरक्षण होतं. त्या पगारावर आपल्या कित्येक घरांतली पहिली पदवीधर पिढी उभी राहिली. कंत्राटदाराकडे आरक्षण नाही. आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवण्याचा हा मार्ग आहे, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर रोज स्टॉपवर येऊन थांबतो.

आमचेच काही मित्र म्हणतील, आपल्या माणसाने गाडी घेतली तर तुमच्या पोटात का दुखतं? नाही दुखत. ज्यांना बैलगाडीत बसू दिलं नाही त्यांच्या नातवाच्या दारात कार उभी राहिली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण वस्तीत बस येत नाही म्हणून हप्त्यावर बाइक काढावी लागते, तिथे स्वाभिमान नसतो, नाइलाज असतो. आणि पहाटे चारला धुणीभांडी करायला निघणारी आपली आई कोणती बाइक चालवणार?

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. बसची संख्या वाढवा आणि मुख्य रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका ठेवा. माहुल, मानखुर्दसारख्या पुनर्वसन वसाहतींतून स्टेशनपर्यंत पहाटेपासून नियमित बस द्या. कंत्राट थांबवून आरक्षणासह कायम भरती करा. भाडेवाढ मागे घ्या.

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते. तरी १९२७ मध्ये महाडला जाऊन पाणी प्यावं लागलंच. सार्वजनिक म्हणजे सर्वांचं, हे कोणी आपणहून मान्य करत नाही, ते करून घ्यावं लागतं. रस्ताही सार्वजनिक आहे. पुढच्या ६ डिसेंबरला तो मेसेज आला तर गप्प बसू नका. विचारा, ट्रॅफिक कोण करतं?

जय भीम!