लेकरू कुणाच्या मांडीवर वाढते?

घाटंजी तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून देत नाही. बारावीपर्यंत शिकलेल्या आहेत, घरची पाच एकर कोरडवाहू जमीन. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की सकाळीच शेतात जावे लागते. पंधरा महिन्यांची मुलगी दिवसभर सासूबाईंजवळ असते. चालते, हसते, पण बोलत नाही. सासूबाई येता-जाता ऐकवतात, "वावरात जाणाऱ्या मायचं लेकरू मुकंच राहते." यजमान गेल्या वर्षी पीक बुडाल्यापासून घरात फारसे बोलतच नाहीत. शेवटी बाईंचा प्रश्न आहे, "मी घरी बसू का?" आणि त्याखाली लगेच, घरी बसले तर वेचणीची मजुरी कुठून द्यायची, हेही त्यांनीच लिहिले आहे.

बाई, आधी कानाचे सांगते, कारण ते थांबण्यासारखे नाही. मुलगी पाठमोरी असताना हळूच हाक मारा. वळते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? "चेंडू आण" म्हटलेले तिला कळते का? हे सारे होत असेल तर धीर धरा. तरी सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नाही तर डॉक्टरांना दाखवायचेच. हाकेला वळत नसेल तर तेवढेही थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासायला येते, पण त्याची वाट न पाहता सरकारी रुग्णालय गाठा. 'याचा बापही उशिराच बोलला होता' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यावर विसंबून वर्ष घालवू नये.

आता सासूबाईंचे म्हणणे. आई कामाला जाते म्हणून लेकरू मुके राहते, हे खरे नाही. मेरी एन्सवर्थ नावाच्या एका संशोधक बाई 1954-55 मध्ये आफ्रिकेत युगांडाला गेल्या होत्या. तिथल्या खेड्यांतल्या 26 घरी त्या महिनोन् महिने जाऊन बसत आणि तान्ह्या मुलांकडे बघत. तिथल्या बायकाही शेतीवाडी करणाऱ्या. बाईंना दिसले ते असे, की मूल आईला चिकटते तसे आजीला, बापाला, मोठ्या भावंडालाही चिकटते. चिकटते कुणाला? तर जो त्याच्या हाकेला ओ देतो त्याला. आपल्या एकत्र घरांतल्या बायकांना यात नवल वाटणार नाही, पण तेव्हाच्या पंडितांना वाटले होते खरे.

हे 'ओ देणे' म्हणजे काय, ते अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात फार साध्या रीतीने दाखवले. आई बाळाशी हसतखेळत बोलते. मग तिला सांगायचे, दोन मिनिटे चेहरा दगडासारखा ठेव. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, ओरडते. तरी आई ढिम्म राहिली की तोंड फिरवते, रडू लागते. दोनच मिनिटांत हो! पण याच अभ्यासांतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एरवी चांगल्या खेळकर आईचेसुद्धा बाळाशी सूर निम्म्याहून कमी वेळच जुळलेले असतात. चुकतात, पुन्हा जुळतात. तेव्हा आठ तास शेतात गेले म्हणून जीव जाळून घेऊ नका.

उलट असे विचारा, की त्या आठ तासांत मुलीशी बोलते कोण? म्हाताऱ्या माणसाला लेकरू गप्प पडून राहिले की ते गुणाचे वाटते. तेल-पाणी, अंघोळ, झोका, वरणभात सारे वेळेवर होत असेल, पण मुलगी 'अं' म्हणाली तर तिला उलट काही ऐकू येते का? की समोर मोबाईल लावून ठेवला आहे?

सासूबाईंना व्याख्यान देऊ नका, उपयोग होत नाही. संध्याकाळी आल्यावर पाय धुता धुता रोज एवढेच विचारा, "आज काय काय केलं हिने?" सांगायचे म्हटले की माणूस बघू लागते.

खेळायला विकतचे काही लागत नाही. जमैका बेटावर 1986-87 मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात वाढ खुंटलेल्या 129 मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एक तास जात. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला शिकवत. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर ती मुले, ज्यांच्या घरी असे खेळायला शिकवले नव्हते त्यांच्यापेक्षा 25 टक्के जास्त कमावत होती. आठवड्याचा एक तास!

आणि जमैका तरी कशाला, तुमच्याच जिल्ह्यात पाहा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि अंगणवाडी खात्याबरोबर 'आरंभ' नावाचा उपक्रम आखला. 2018 च्या सुमारास तो आधी यवतमाळ आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या दोन जिल्ह्यांत करून पाहिला. अंगणवाडी सेविकेने घरी जाऊन नुसते वजन-लसीकरण विचारायचे नाही, तर लेकराशी बोलायचे-खेळायचे कसे ते दाखवायचे. त्यात 'पालक मेळावा' असतो. तिथे आईच नव्हे, बाप आणि आजी-आजोबांनीही यायचे. तुमच्या सेविकाताईंना विचारा आणि सासूबाईंना पुढे घालून न्या. सुनेने सांगितलेले त्यांना लागेल, चार जणींत बसून ऐकलेले लागणार नाही.

राहिले घरातले टोमणे. ओरेगन विद्यापीठात 2013 साली झालेल्या एका लहानशा अभ्यासात, सहा ते बारा महिन्यांच्या बाळांना झोपेत रागाचा आवाज ऐकवून मेंदूची तपासणी केली. आवाज मेंदूपर्यंत पोचत होताच, आणि ज्यांच्या घरी भांडणे जास्त त्यांच्या मेंदूत प्रतिसाद अधिक दिसला. म्हणजे 'ती झोपली आहे' म्हणून मोकळेपणी भांडायला हरकत नाही, असे काही नाही. भांडण घरोघरचेच आहे. मिटवाल तेही मुलांसमोर मिटवा. भांडण मिटलेले दिसले की मुलांचे भय कमी होते, हेही अभ्यासकांनी पाहिले आहे.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी तीच वाटते. आपल्या जिल्ह्यात पीक बुडालेल्या माणसाच्या गप्प बसण्याला 'स्वभाव' म्हणून सोडू नये. झोप जाते का, जेवण सुटले आहे का, 'मी नसतो तर बरं' असे कधी बोलतात का, ते पाहा आणि सरळ विचारा. विचारल्याने मनात नसलेले येत नाही. 14416 या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र कधीही फुकट बोलता येते, मराठीतही. तुम्ही स्वतः फोन करून त्यांच्याबद्दल विचारलेत तरी चालते. आणि रोज संध्याकाळी मुलीला थोडा वेळ त्यांच्या मांडीवर द्या. काही बोलले नाहीत तरी द्या. मुलगी नाक ओढेल, मिशी ओढेल. तिला गप्प बसवून घेता येत नाही.

तर घरी बसू नका, वेचणीला जा. मुलीला सोळा महिने पुरे झाले की मला पुन्हा लिहा, आणि ती हाकेला वळते की नाही ते पहिल्याच ओळीत लिहा.