ठोक्याची जबानी

जुन्या मोटारीचा मालक गाडी कारखान्याच्या दाराशी उभी करतो आणि 'इंजिन वाजते आहे' एवढेच सांगून किल्ली आपल्या स्वाधीन करतो, तेव्हा त्या तीन शब्दांत त्याची काळजी तेवढी आलेली असते, रोगाची हकीकत आलेली नसते. आणि तरीही आपल्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांचा हात त्याच क्षणी पान्याकडे वळतो, ही गोष्ट स्पष्ट शब्दांत बोलून दाखविणे आम्हांस कर्तव्य वाटते.

२०२३ च्या ऑक्टोबरात प्रीमियर पद्मिनीची अखेरची टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. कुर्ल्यास तयार झालेल्या त्या गाडीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ऐकून ऐकून ज्यांचे कान घडले, ते कारागीर आता उतारवयाकडे झुकले आहेत; आणि हौसेने जतन केलेल्या उरल्यासुरल्या गाड्या ज्या तरुण फिटरांच्या हाती येत आहेत, त्यांची तालीम स्कॅनरवर झालेली आहे. कार्ब्युरेटरच्या या इंजिनाला स्कॅनर जोडण्याची सोयच नाही. तेथे कान, हात आणि विचारलेला प्रश्न एवढीच साधने आहेत.

त्यांतही प्रश्नाचा मान पहिला. आवाज कसला येतो हे मालकास विचारण्यात अर्थ नाही, कारण एकाची टकटक ती दुसऱ्याची खडखड असते. आवाज केव्हा येतो, हे मात्र तो बिनचूक सांगू शकतो, आणि त्याची जबानी घ्यावयाची ती याच मुद्द्यावर. सकाळी थंड इंजिनात पोकळ ठपठप येऊन गाडी तापल्यावर ती मावळत असेल, तर पिस्टन बोअरमध्ये सैल झाला आहे, उष्णतेने तो प्रसरण पावला की फट भरून येते, आणि असे इंजिन समजुतीने वापरल्यास आणखी काही वर्षे सेवा देते. उलट थंडपणी शांत असलेले इंजिन तापून तेल पातळ झाल्यावर ठोकू लागले, आणि तेही बेताच्या वेगाने जाताना रेस किंचित सोडली की ठोका स्पष्ट होत असेल, तर संशय बिगएंडकडे जातो व तेथे एका दिवसाचाही विलंब जोखमीचा ठरतो. चढावर, भाराखाली खोल, जड आणि दबका ठोका उमटणे व त्याच्या जोडीला ऑइल प्रेशर उतरणे, हे मेन बेरिंगचे लक्षण. त्याच चढावर धातूची बारीक झणझण आली, तर बेरिंगांना हात लावण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग आणि हेडमध्ये साचलेला कार्बन पाहावा.

केव्हा हे कळल्यावर किती वेळा हे मोजावे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणून ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला एक सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो, आणि सवयीच्या कानाला ही निम्मी लय क्रँकच्या लयीपासून तत्काळ वेगळी कळते. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या फटीत फिलर गेजचे पान सरकविताच तो आवाज थांबला, की तेथेच फैसला झाला. एक सावधगिरी मात्र हवी: एक्झॉस्टच्या जोडावरील फुटलेली गॅस्केट टॅपेटची हुबेहूब नक्कल करते.

यानंतर एकेका प्लगची वायर काढून, ती अधांतरी न ठेवता इंजिनाच्या धातूला टेकवून, ठोका कोणत्या सिलिंडरचा हे पाहावे. भार गेल्याने बिगएंडचा किंवा पिस्टनचा ठोका मंदावतो, मेन बेरिंगचा एका वायरने फारसा हलत नाही, आणि गजन पिनचा कधी कधी दुहेरी होऊन अधिकच स्पष्ट होतो. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून जागा शोधण्याची रीत जुनी आणि उपयुक्त आहे खरी, परंतु ओतीव लोखंड आवाज दूरवर वाहून नेते, हे विसरून केवळ जागेवरून निर्णय देणारा फसतो.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी किंचित घासतात, तार छेडतात, ऐकतात, आणि मगच पुन्हा हात लावतात, कारण अधिक घासले गेलेले भरून येत नसते. हजारो मैल एकमेकांवर बसत आलेले इंजिनाचे भागही असेच आहेत. त्यांची जोडी निष्कारण मोडली तर ती पूर्ववत बसेलच असे नाही. आणि विक्रीपूर्वी जाड तेल भरून ठोका दडपण्याची जी प्रथा काही ठिकाणी रूढ आहे, तिला आम्ही लबाडीच म्हणतो. त्या तेलाखाली पुढच्या मालकाचे क्रँकशाफ्ट झिजत असते.

पुढील अंकापासून या मासिकात आवाजांच्या नोंदींसाठी एक पान राखून ठेवण्याची तजवीज केली आहे. गाडी कोणती, किती चाललेली, आवाज थंड इंजिनात की तापल्यावर, भारावर की रेस सोडताना, प्लगच्या चाचणीत काय आढळले, आणि इंजिन उघडल्यावर कसूर प्रत्यक्षात कोठे निघाली, एवढा तपशील पाठवावा. पहिली नोंद आमची आहे. एका जुन्या फियाटच्या आयडलिंगमधील जड ठोका आम्ही मेन बेरिंगचा ठरविला, ऑइल प्रेशर पुरेसे होते तिकडे दुर्लक्ष केले, चेंबर उतरविले, आणि बेरिंगे निर्दोष निघाल्यावर दिसले की क्रँकच्या टोकावरील पुली चावीवर सैल होऊन आपटत होती. फॅन बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालविले असते, तरी ठोका बदलून संशय पुलीकडे वळला असता. मालकाकडून मजुरी घेतली नाही, परंतु त्याचे चार दिवस गेले ते परत करणे आमच्या अखत्यारात नव्हते. ज्यांची निदाने अशीच चुकली असतील, त्यांच्या नोंदी आम्ही अग्रक्रमाने छापू.