विश्लेषण : नंबर प्लेटला कुलूप लागले, पण नंबरच चोरीला गेला तर?

राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या सुमारे दोन कोटी वाहनांना ‘हाय सिक्युरिटी’ नंबर प्लेट, म्हणजेच एचएसआरपी, बसवण्याची मोहीम सुरू झाली आणि आधी चर्चा रंगली ती दरांची. दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ आणि वर जीएसटी. त्यानंतर चर्चा मुदतवाढीची. ३१ मार्च २०२५ ची तारीख ढकलत ढकलत डिसेंबरअखेरपर्यंत गेली. या सगळ्यात मूळ मुद्दा मागे पडला. ही प्लेट चोरी रोखते, हे खरे. पण कशाची चोरी?

भंगारात काही किंमत नसलेला पत्रा कुणी का चोरावा?

कारण चोराला पत्रा नको असतो, त्यावरचा नंबर हवा असतो. चोरलेल्या दुचाकीला दुसऱ्याच दुचाकीची प्लेट लावली, की सोनसाखळी हिसकावताना सीसीटीव्हीत दिसतो तो दुसऱ्याचा नंबर. पोलिस पोहोचतात ते मूळ मालकाच्या दारात. गुन्हा नसला तरी सिग्नल तोडल्याची, वेगमर्यादा ओलांडल्याची ई-चलने त्याच्याच मोबाइलवर येत राहतात.

एचएसआरपी याला अडथळा आणते. अ‍ॅल्युमिनियमच्या या प्लेटवर डावीकडे वर अशोकचक्राचा होलोग्राम असतो आणि प्लेटवरच लेझरने कोरलेला कायमस्वरूपी क्रमांक. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा हा क्रमांक वेगवेगळा असतो आणि दोन्हींची नोंद ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीत गाडीच्या नावावर होते. प्लेट बसते ती ‘स्नॅप लॉक’ने. हा लॉक एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडला की पुन्हा वापरता येत नाही. चारचाकीच्या काचेवर आतून लावायचा स्टिकर ही तिसरी खूण. तो काढायला गेले की फाटतो. दुचाकीला मात्र ही तिसरी खूण नाहीच.

कुलूप चांगले आहे, पण कुलपाइतकाच कोयंडाही महत्त्वाचा. अनेक दुचाकींवर मागची प्लेट एखाद्या पट्टीवर किंवा फ्रेमवर बसते. ती पट्टीच साध्या नट-बोल्टने गाडीला जोडलेली असेल, तर पान्याने दोन मिनिटांत पट्टीसकट प्लेट निघते आणि स्नॅप लॉक शाबूत राहतो! बसवताना एवढे पाहायला कुणाला वेळ असतो? केंद्रावर रांग असते आणि मालकाला ऑफिस गाठायचे असते.

त्याहून मोठी अडचण अशी, की नंबर चोरायला प्लेट काढावीच लागत नाही.

२०२१ च्या सुरुवातीला मुंबईत उघड झालेले प्रकरण आठवावे. रतन टाटा यांच्या गाडीच्या नावाने न केलेल्या नियमभंगांची चलने येऊ लागली. तपासात कळले, की तोच नंबर दुसऱ्याच एका गाडीवर होता आणि तो लावण्यामागे कारण होते अंकशास्त्राचे. टाटांच्या गाडीची प्लेट जागेवरच होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुकेश अंबानी यांच्या निवासस्थानाजवळ स्फोटकांसह सापडलेल्या स्कॉर्पिओवरही बनावट प्लेट होती. पुढे मिठी नदीतून ज्या प्लेट काढल्या, त्यांवरचा नंबर औरंगाबादेतून (आताचे छत्रपती संभाजीनगर) चोरीला गेलेल्या गाडीचा निघाला. एका नंबराच्या मागे किती लांब जावे लागते ते यातून दिसते.

अशी प्लेट बनवून देताना आरसी बुक मागण्याची पद्धत आपल्याकडे रेडियमच्या दुकानात रुजलेलीच नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्याने प्लेट विकणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली; ग्राहकाचे ओळखपत्र आणि गाडीचे कागद पाहिल्याशिवाय त्यांना प्लेट देता येत नाही. तिथेही नंबर चोरी होतेच, पण निदान प्रत्येक अधिकृत विक्रीची नोंद राहते. आपण सगळा भार मालकाच्या खिशावर टाकला आणि बनवणाऱ्याला मोकळे सोडले.

दुसरी उणीव तपासणीची. लेझर क्रमांक बारीक असतो. रस्त्यावरचे कॅमेरे वाचतात तो फक्त मोठा नंबर. म्हणजे हवालदाराने गाडी थांबवून, वाकून तो क्रमांक ‘वाहन’मधील नोंदीशी ताडून पाहिला तरच या महागड्या प्लेटचा उपयोग. एरवी होलोग्रामची नक्कल चिकटवलेली प्लेट आणि खरी प्लेट कॅमेऱ्याला सारखीच. खरे तर चलन काढण्यापूर्वी फोटोतील गाडीचा प्रकार आणि रंग नोंदीशी जुळतो का, हे संगणकाने तपासणे अवघड नाही. एकच नंबर दहा वाजता नाशकात आणि पावणेअकराला कोल्हापुरात दिसला, तर त्यातला एक खोटा आहे हे सांगायला माणूसही लागत नाही. सक्ती मालकांवर करायची, तर एवढी अपेक्षा यंत्रणेकडून करणे गैर नाही.

तोपर्यंत वाहनधारकाच्या हातात काय आहे?

प्लेट बसवून घेताना लॉक कुठे बसतोय ते पाहावे आणि दोन्ही प्लेटच्या लेझर क्रमांकांचे फोटो काढून ठेवावेत. जुनी प्लेट केंद्रावर किंवा भंगारात तशीच देऊ नये, वाकवून, कापून निकामी करावी. गाडी विकायची जाहिरात ऑनलाइन टाकताना फोटोतला नंबर झाकावा, कारण त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी शोधणाऱ्याला ती आयती यादी मिळते.

प्लेट चोरीला गेली तर ‘नवी बनवून घेऊ’ म्हणून दुकानात जाण्याआधी पोलिस ठाणे गाठावे. त्या तक्रारीवरची तारीख आणि वेळ हाच पुढे मालकाचा बचाव असतो. अनोळखी ठिकाणचे चलन आले तर चिडून किंवा ‘पाचशेच तर आहेत’ म्हणून भरून टाकू नये; भरले की ती गाडी आपलीच होती असे मान्य केल्यासारखे होते. चलनासोबतचा फोटो मोठा करून पाहावा. बंपरवरचा ओरखडा, आरशाचा प्रकार, काचेवरचा स्टिकर, प्लेटवरचा होलोग्राम यांपैकी एखादी गोष्ट वेगळी दिसली, तर आपल्या गाडीचा त्याच कोनातून काढलेला फोटो जोडून ई-चलनच्या संकेतस्थळावर तक्रार करावी आणि तिची प्रत जवळच्या वाहतूक शाखेत देऊन पोच घ्यावी.